बुडावरचा शिक्का

बरणी घ्यायला आलेला माणूस आधी झाकण काढून आत बघतो.
मी ती उपडी करते.
तळाला, जिथे झिलई पोचत नाही
आणि माती अजून उघडी, खरखरीत आहे,
तिथे आमचं घराणं लिहिलेलं असतं.

सगळ्यात जुन्यांवर नुसता अंगठा.
बाबल मोचेमाडकराचा, डावा.
उजव्याचं पेर भट्टीच्या दारात गेलं, म्हणून डावा.
शिरोड्याच्या मिठागरातलं तळाचं काळपट मीठ,
खायला न चालणारं, तो उधारीवर आणायचा
आणि भट्टी पांढरी झाली की घमेल्याने आत फेकायचा.
मुलांना एवढंच शिकवलं:
"मीठ टाक, पण वाऱ्याक पाठ करून."
धूर माडांवर बसे. त्या ओळीतले माड अजून बुटके आहेत.
बरणी मात्र निघे तपकिरी, चकचकीत,
मोसंबीच्या सालीसारखी बारीक खड्ड्यांची.

मग मासा येतो.
जस्ताचा ठसा; सुरमई म्हणून कोरलेली,
दिसतो बांगडा.
खाली अक्षरं: मोचेमाडकर आणि पुत्र.
पुत्र तीन. एकाने चाक धरलं, एकाने वही.
तिसऱ्याला, दत्तारामला, गोदीतल्या कुणा ओळखीच्याकडून
डेन्मार्कच्या एका कारखान्याचं कॅटलॉग मिळालं.
निळ्या-राखाडी फुलदाण्या, उंच मानेच्या,
खाजणात उभ्या बगळ्यांसारख्या.
"तीसुद्धा घरचीच माणसं," तो सांगत सुटला,
"बाप, मुलगा, नातू. आणि दाराशी समुद्र."
दोन वर्षं त्याने त्याच केल्या.
वेंगुर्ल्याच्या बाजारात एका बाईने एक उचलली,
म्हणाली, हात जात नाही, लोणचं काढायचं कसं?
एकशे चाळीस फुलदाण्या.
एकीत आमचे झारे-उलथणी असतात.

पुढच्या मालावर 'आणि' आहे, 'पुत्र' नाही.
वाटणी झाली, नव्या ठशाला पैसे नव्हते,
शेवटचा शब्द कानशीने घासून काढला.
मोचेमाडकर आणि
असं कित्येक हजार बरण्यांवर उमटलं,
पोटात आंबोशी, सोलं, खारातल्या मिरच्या घेऊन
वाक्य पुरं न करताच
मुंबईच्या बोटीत चढलं.

प्लास्टिकचा शिक्का नाही.
त्या वर्षांच्या बरण्याच नाहीत.

गेल्या शिमग्यात गोदाम रिकामं करताना
मी सगळा माल अंगणात उपडा मांडला, सालवार.
माशाच्या शेपटीशी तीन टिंबं दिसली.
वाटलं, खडे असतील, भाजताना उडाले.
मग शेजारच्या बरणीवर. तिच्या शेजारच्या.
फुलदाण्यांवरसुद्धा.
माती ओली असताना काडीने टोचलेली,
न चुकता, बावीस वर्षं.

द्वारका. बाबलची लेक, माझ्या वडलांची आत्या.
लग्नाच्या दुसऱ्या वर्षी परत आलेली.
बाहेरची चमक मिठाची;
आतला लेप तिचा, रेडीच्या लाल मातीचा,
पाट्यावर वाटलेला, फडक्यातून गाळलेला,
ज्याच्यामुळे खार झिरपत नसे.
वहीत ती एकदाच सापडते:
द्वारकी, लुगडी दोन.
वाटणीच्या कागदात
भट्टी आहे, विहीर आहे, सतरा माड आहेत,
फुटक्या मालाचा ढीगसुद्धा निम्मा निम्मा.
ती कोणाच्याच वाट्याला आली नाही.

जुन्या बरण्यांना आता गोव्याहून गिऱ्हाईक येतं.
अंगठ्याचा भाव जास्त, माशाचा त्याखालोखाल.
टिंबांचं कोणी विचारत नाही, मी सांगत नाही.

एकाच बरणीवर दोन्ही आहेत:
घासलेला ठसा, आणि त्याच्यापुढे
त्याच ओळीत, अक्षराला अक्षर लावावं तशी
तीन टिंबं.
ती विकाऊ नाही. आतून कोरीच राहिली आहे.
पाणी भरून ठेवलं तर सकाळपर्यंत बुड ओलावतं,
आणि आधी काळी पडतात
ती टिंबं.